हळदीचा चाकू

दहा-बारा वर्षं माझ्या पँटच्या उजव्या खिशात चाकू होता. चार बोटं पातं, लाकडी मूठ, मुठीत पितळेचे दोन खिळे आणि चामड्याचं म्यान. मिटणारा नव्हता, त्यामुळे खाली बसलं की मांडीला टोचायचा. एवढी वर्षं खिशात चाकू घेऊन फिरलो, पण आमच्या डोणगावात माझी भीती कुणाला कधीच वाटली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, तो हळदीचा आहे.

आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली की हातात चाकू देतात, टोकाला लिंबू खोचून. हळदीच्या अंगाला नजर लवकर लागते, म्हणून लोखंड जवळ पाहिजे. मग लग्न लागेपर्यंत तो खाली ठेवायचा नाही. जेवताना डाव्या हातात, झोपताना उशाखाली, परसाकडे जाताना सोबत. लग्न लागलं की देवाजवळ ठेवायचा, आणि पुढं त्याला कुणी हात लावायचा नाही. लग्न लागलंच नाही तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मी पाटावर बसलो होतो, बाया हळद चोळत होत्या, आणि मामाचा फोन वाजला. मध्यस्थानं मुलीकडे सांगून ठेवलं होतं की मुलाचं मोटार वाइंडिंगचं स्वतःचं दुकान आहे. मुलीचा भाऊ त्या दिवशी गावात आला, दुकानात जाऊन उस्तादांना भेटला, आणि दुकान उस्तादांचं असून मी तिथं कामाला आहे, हे त्याला कळलं. मध्यस्थानं काय सांगितलं होतं ते मला माहीत नव्हतं. मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, पण नवरदेवाला विचारतं कोण! मामा फोनवर आधी ओरडला, मग हात जोडल्यासारखं बोलला, मग फोन ठेवून म्हणाला, "मोडलं." पाहुणे जेवून गेले, कारण स्वयंपाक झाला होता.

मी कानापर्यंत पिवळा, हातात चाकू, चाकूवर लिंबू. आई चुलीपाशी बसली होती. तिला जाऊन विचारलं, "हे आता कुठं ठुवू?"

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "खाली ठुवू नको. हळद लागली तुले, ते काही खोटी नाही. दुसरी पोरगी पाहू. लग्न लागेपर्यंत जवळच राहू दे."

लिंबू सुकलं, ते मी टाकून दिलं. चाकू राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर निघालो तर आईनं दारात विचारलं, "चाकू घेतला का रे?" तेव्हापासून रोज तोच प्रश्न. मी "हाव" म्हणायचो आणि सायकल काढायचो. पुढं सायकलची मोटारसायकल झाली, प्रश्न तोच राहिला.

दुकानात त्याचं काम निघालं. तांब्याच्या तारेवर लाखेसारखा थर असतो, जोड द्यायच्या आधी तो खरवडावा लागतो. कागद कापायचा, दोरे छाटायचे, डबा खाताना कांदा चिरायचा, सगळं त्याच चाकूनं. उस्ताद मला नवरदेव म्हणायला लागले, मग गिऱ्हाइकंही. "ओ नवरदेव, मोटार झाली का? वावरात पाणी थांबलं ना!" सुरुवातीला राग यायचा. एकदा एकाची मोटार मी आठ दिवस मुद्दाम मागं ठेवली. नंतर ते नावच पडलं, आणि नावाचा राग किती दिवस धरणार?

निवडणुकीच्या दिवसांत मेहकरच्या स्टँडवर पोलिसांनी झडती घेतली. चाकू निघाला. हवालदारानं तो माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे बे?"

"हळदीचा आहे, साहेब."

"हळद कधी लागली?"

"झाले काही वर्षं."

बाकीचे पोलीस हसले. हा हसला नाही. त्यानं माझ्या कानावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, चाकू म्यानात घातला आणि परत दिला. "माह्याही घरी एक भाऊ बिनलग्नाचा बसेल आहे," एवढंच म्हणाला. तो खेकसला असता तर बरं झालं असतं. त्याची दया मला आठवडाभर पचली नाही.

मुली पाहणं चालूच होतं. देऊळघाटला एका घरी गेलो, तेव्हा मुलीनं सरळ विचारलं, "पुण्याले जायचा विचार आहे का?" मी म्हणालो, "मोटारी तर इथंच जळून राह्यल्या." ती हसली. मला वाटलं जमलं. चार दिवसांनी निरोप आला की नाही. पोरींचं काय चुकतं? दिवसभर उन्हात वावरातलं तण निंदणारी आई त्यांनीही पाहिलेली असते. हे मला कळतं आणि तरी राग येतो. पोह्यांच्या प्लेटीचा येतो, त्या चिकट चहाचा येतो, आणि परत येताना गाडीत "होईल, होईल" म्हणणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त.

चाकूवर माझा विश्वास नव्हता. आईचा होता, आणि मी तिच्या विश्वासावर तग धरून होतो, हे खरं आहे. जोवर ती दारात विचारत होती, तोवर मी नवरदेव होतो. उशीर झालेला, केस पिकलेला, पण नवरदेव. एकदोनदा तो विहिरीत फेकावा असं मनात आलं. पण सकाळी ती विचारणार, आणि मी काय सांगणार? म्हणून फेकला नाही.

मग लहान भावाचं जमलं. तो पुण्यात कंपनीत आहे, मुलगी नांदुऱ्याची. माझ्या आधी त्याचं, याचं लोकांना काही वाटलं नाही, म्हणजे त्यांनी आधीच मला हिशेबातून काढलं होतं. मी एका रविवारी चाकू दगडावर घासून लख्ख केला. घरात हळदीचा चाकू असताना दुसरा कशाला आणतील, मागतीलच, असं वाटलं. देताना चेहरा कसा ठेवायचा याचीही मनात तयारी केली.

पण कपड्यांच्या खरेदीला नांदुऱ्याला गेलेली आई नवाच चाकू घेऊन आली. प्लॅस्टिकची लाल मूठ, वर कागद चिकटवलेला.

मी म्हणालो, "माहा होता ना घरात. हा काऊन आणला?"

ती माझ्यावर खेकसलीच. "तुहा त्याले कसा देऊ? तुह्यं लग्न व्हाचं आहे ना अजून!"

मला इतका आनंद झाला की सांगायला लाज वाटते. भावाच्या हळदीत मी नाचलो. लोक म्हणाले, पाहा, मनाचा किती मोठा आहे. मी मोठा-बिठा काही नव्हतो. आईनं अजून मला सोडलेलं नाही, एवढ्यासाठी नाचलो.

लग्न लागलं. लाल मुठीचा चाकू देव्हाऱ्यात गेला. त्याला हळदकुंकू वाहिलं, वर फूल ठेवलं. भाऊ आणि सूनबाई चार दिवस घरी राहिली. मुलगी चांगली आहे, मला दादा म्हणते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन निघालो होतो. स्वयंपाकघरात सूनबाई विळीसमोर अवघडून बसली होती. बोट कापलं होतं, पदराचं टोक त्यावर गुंडाळलेलं. तिच्या माहेरी ओट्यावर उभ्यानं चिरतात, विळीची सवय नाही. आई इकडं तिकडं पाहत होती. मी म्हणालो, "देव्हाऱ्यात आहे ना चाकू, तो दे तिले."

"येडा आहे का तू? तो देवापाशी ठुवेल आहे. त्याले हात लावत असतात का?"

आणि मग माझ्या खिशाकडे हात करून, अगदी सहज, जसं मीठ मागावं तसं ती म्हणाली, "तुहा दे. तुह्या खिशात पडूनच राहते."

तिच्या ते लक्षातही आलं नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं दुःख नव्हतं, संकोच नव्हता. सुनेच्या बोटाची काळजी होती, आणि भाजीला होणारा उशीर. तिची आशा कधी संपली असेल, कुणास ठाऊक. लग्नाच्या गडबडीत संपली असेल, किंवा त्याआधीच, आणि दारातला प्रश्न नुसता सवयीनं चालू राहिला असेल.

मी म्यानातून काढून चाकू तिच्या हातावर ठेवला. तिनं पातं पदराला पुसलं, धार अंगठ्यानं पाहिली आणि सूनबाईला म्हणाली, "पाह्य, कसा लख्ख आहे. जपून चिर." सूनबाईनं वांगी चिरायला घेतली. चांगली चिरली जात होती.

रिकामं म्यान मी खिशात घातलं. आई माझ्यामागं दारापर्यंत आली, रोज येते तशी. तिच्या हातात वांग्यांची देठं होती.

"डबा घेतला का रे?" तिनं विचारलं.

मी "हाव" म्हणालो.