दुसऱ्या टेबलावरचा अर्धा डाव

संपादक महोदय,

आपल्या सदरात गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी नगरच्या बिलियर्ड्सच्या खोलीची हकीकत ‘ऐकीव’ म्हणून छापून आणली, आणि शेवटी ‘उन्हाळ्यात लाकूड फुगते, दार अडकते’ असा निकालही देऊन टाकला. माझी सक्त हरकत आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते. उन्हाळ्यात ते आटते. आणि ती हकीकत ऐकीव नाही — ती माझ्यावर गुदरलेली आहे. भूतखेत, करणी, उतारा यांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. परंतु जे घडले ते घडले.

बाहत्तरचा उन्हाळा. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, देवळाली प्रवऱ्याहून कोर्टाच्या तारखेसाठी नगरला आले होते. भाऊबंदांनी त्यांच्या विहिरीसह अर्ध्या जमिनीवर दावा लावला होता. आधी मुदती घेऊन झाल्या होत्या. त्या दुपारी दाजी साक्षीला उभे राहिले नाहीत तर निकाल एकतर्फी लागेल, असे न्यायाधीशांनी बजावले होते. मधल्या सुट्टीत ऊन चुकवायला मी त्यांना कॅम्पाच्या रस्त्यावरच्या त्या बिलियर्ड्सच्या खोलीत नेले. मी तिथे नेहमी स्नूकर खेळत असे.

टेबले दोन. पहिल्याचे कापड बदलायला काढलेले. दुसऱ्यावर पांढरी चादर पसरलेली. चेंडू मांडणारा आणि गुण सांगणारा मार्कर शांतवन आडवा आला.

“तो डाव नका मोडू, साहेब. दोघा फौजी साहेबांचा आहे. डिसेंबरात बोलावणं आलं, अर्ध्यावर टाकून गेले. आल्यावर पुढं खेळू म्हणाले.”

“मग आले का?”

“एक साहेब गेल्याची तार आली. दुसऱ्याची काय खबर नाही.”

भिंतीवरच्या नियमांत स्पष्ट लिहिले होते — खेळाडू खोली सोडून गेल्यास टेबलावरचा त्याचा हक्क संपतो. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. माझे म्हणणे नियमाला धरून होते, आजही आहे.

“हितं बी कलम काढलं का, मेव्हणं?” दाजी हसले. “चला, खेळू तरी.”

चादर काढली. पांढरा, निळा, गुलाबी आणि काळा एवढेच चेंडू उरलेले होते. दाजींनी गुलाबी उचलला आणि झटक्यात खाली ठेवला. “लई गार हाय वो ह्यो. हिरीतनं काढल्यावानी!” मी लक्ष दिले नाही. लाल चेंडूंचा त्रिकोण मांडून आम्ही नवा डाव सुरू केला.

थोड्या वेळाने निघायला म्हणून दाराकडे गेलो. दोन फळ्यांचे, वरच्या भागात काच असलेले, ढकलायचे दार. त्याला कडी नव्हती, कोयंडा नव्हता. ते हलेना. मी ढकलले, ओढले. मग तिघांनी मिळून खांदे लावले. खिडक्यांना गज. बाहेर पायरीवर एक टांगेवाला विडी ओढत बसला होता. आम्ही ओरडलो, काच बडवली. त्याने वळून सरळ माझ्या डोळ्यांत पाहिले… जांभई दिली आणि पुन्हा तोंड फिरवले. दाजींनी क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, जाड बाजूने काचेवर घाव घातला. क्यू मोडला. काचेला ओरखडाही नाही.

“मेव्हणं,” दाजींचा आवाज चिरकला, “माझी जिमीन चालली वो… काय तरी करा की!”

त्या खोलीत तीन माणसे होती, पण श्वास अधिकांचा वाटत होता. हे मी विचारपूर्वक लिहीत आहे.

“डाव होता तसा मांडा,” शांतवन भिंतीला टेकून म्हणाला. “दुसरं काय सुचत नाही, साहेब.”

मी लाल चेंडू काढून टाकले. महिनोन्‌महिने एका जागी राहिल्याने हिरव्या कापडावर जुन्या चेंडूंच्या बारीक खळग्या पडल्या होत्या. पांढऱ्याची आणि काळ्याची खळगी कोणती, ते मला आठवत होते. उरलेले दोन अंदाजाने ठेवले. दार तसेच.

“गुलाबी तिथं नव्हता,” दाजी म्हणाले. “म्या उचलला तो ह्या कडंचा.” त्यांनी दोन्हींची अदलाबदल केली.

दाराची एक फळी आत आली. वाऱ्याने उघडते तशी नव्हे; मागून येणाऱ्यासाठी कुणी धरून ठेवावी तशी. उंबऱ्यात कोणीही नव्हते. शांतवन सवयीने बाजूला झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “या, साहेब.”

आम्ही अंग चोरून बाहेर पडलो आणि धावत सुटलो.

कोर्टात पुकारा होऊन गेला होता. निकाल एकतर्फी.

तो रद्द करून घ्यायचा तर गैरहजेरीचे पुरेसे कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागते. दाजी म्हणाले, “हगवन लागली हुती म्हना! कोन बघाया आलंय?” मी नकार दिला. शपथेवर खोटे लिहिणार नाही म्हणालो. दाजी माझ्यावर धावून आले, तेव्हा अक्का, माझी थोरली बहीण, मध्ये पडली. “तो लिहितोय ते लिहू द्या,” एवढेच बोलली. विहीर तिच्या दारासमोरची होती.

मी खरे लिहिले. शांतवनला साक्षीला बोलावले. समोरच्या वकिलाने विचारले, “दाराला कुलूप होते?”

“न्हवतं.”

“कडी?”

“ती बी न्हवती. दार लागलेलं न्हवतं, साहेब. उघडत न्हवतं.”

कोर्ट हसले. मग न्यायाधीशांनी मला उभे केले आणि शांतपणे विचारले, “दार कोणी धरले होते?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

अर्ज फेटाळला. कारण समाधानकारक नाही, असा शेरा. अर्धी जमीन आणि विहीर गेली. अक्काने त्यानंतर शेजारच्या वस्तीवरून पाणी आणले आणि मला कधी शब्दाने बोलली नाही.

आपल्या गृहस्थांकडे उत्तर तयार आहे, याचा मला संताप येतो तो यासाठी. मला ते मिळाले असते तर मी तेव्हाच कोर्टासमोर ठेवले असते. आज पुन्हा पिंजऱ्यात उभे करून विचारलेत, तरी मी हेच सांगेन — माहीत नाही.