खोक्याची उंची

शालनताई दर पंपाला एकदा वाकायच्या आणि उठताना डावा हात कमरेवर टेकवायच्या. पंपाच्या कारखान्यात मी तेव्हा नवा इंजिनिअर होतो. वाया जाणारा वेळ शोधायला घड्याळ घेऊन जुळणी विभागात उभा होतो. बोल्टचं खोकं जमिनीवर होतं, म्हणून ते वाकणं. कमरेवरचा तो हात पाहिला आणि मी घड्याळ खिशात टाकलं.

"ताई, हे खोकं वर घेतलं तर?"

"साहेब, मी पुढच्या महिन्यात काम सोडणारच होते. कंबर साथ देत नाही. पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

दुपारी भंगारातल्या पट्ट्या जोडून स्टँड केला. किती उंच हवा, ते त्यांनीच हाताने दाखवलं. सुधारणा म्हटलं की आपल्याला मोठाली यंत्रं दिसतात. खरं तर ती काम करणाऱ्याच्या दुखण्यापासून सुरू होते, आणि उपायही बहुधा त्यालाच ठाऊक असतो. वेळ मग आपोआप वाचतो.

आठवड्याने शालनताईंनीच मला हाक मारली. काम सोडण्याचा विषयही निघाला नाही. शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "साहेब, रेखाचा पाना फार जड आहे. चला, आता ते बघू."