मंगळवारची पोच

भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर आजपर्यंत मी फक्त कमेंट करत आले, त्याही बोचऱ्या. कुणी लिहिलं की गच्चीवर पावलं वाजली, तर मी खाली लिहायचे — मांजर असेल, वर जाऊन बघा. आमच्या चार जणांच्या गटानं भोंदूबाबांविरुद्ध दोनदा पत्रकं काढलीत, दोन्हीचा मजकूर माझा. तेव्हा ज्यांना हे वाचून हसायचं आहे त्यांनी खुशाल हसावं. मी अजूनही असलं काही मानत नाही. पण जे झालं ते कुठल्याच खणात बसत नाहीये, आणि गप्प बसायची मला सवय नाही.

छत्रपती संभाजीनगर, शहागंजच्या मागची एक गल्ली. नाव देत नाही, उगाच लोक बघायला येतील. तिथं पहिल्या मजल्यावर माझी खोली, वर जायला लोखंडी जिना. समोरच्या घरात रशीदा खाला. खाला घरी बसून गोधड्या आणि दुपट्ट्यांची कामं करते आणि अख्ख्या गल्लीची किल्ली तिच्या खुंटीवर असते. मी मूळची सोयगावची. शिकायला आले, पदवी झाली, आणि पाण्याच्या कामात अडकले. सात वर्षं झाली.

पाणी किती दिवसांनी येतं ते इथं लिहीत नाही, ज्यांच्याकडं येतं त्यांना माहीत आहे. आमचं काम सोपं आहे. पत्रक लिहा, गल्लीत वाचून दाखवा, सह्या घ्या, निवेदन द्या — आणि पोच घ्या. पोच म्हणजे आपल्याकडच्या प्रतीवर आवक खिडकीचा गोल शिक्का, नंबर, तारीख. मूळ सह्यांचा कागद त्यांच्याकडं, शिक्क्याची प्रत आपल्याकडं. नवीन कुणी गटात आलं की मी पहिलं हेच शिकवते. तोंडी सांगितलेलं काही खरं नसतं. पोच असेल तर झालं, नसेल तर झालंच नाही.

सात वर्षांत या पद्धतीनं आम्ही एक व्हॉल्व्ह बदलून घेतला. एक. माझा घसा कायमचा बसलाय, केस गळतायत, आणि सकाळी उठल्यावर छताकडं बघत पडून राहावंसं वाटतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. चळवळीत थकलो म्हणायची पद्धत नाही. थकलेला माणूस म्हणजे फुटलेला माणूस, असं आमच्यात समजतात — आणि हो, मीही तसंच समजायचे.

तर फेब्रुवारीत धारवाडहून एक मेल आला. तिथल्या एका कॉलेजात पाण्याच्या धोरणावर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सोबत सहायकाची नोकरी, राहायला खोली. अर्ज मी रागाच्या भरात केला होता आणि विसरले होते. त्यांनी लिहिलं होतं, मंगळवारी येऊन भेटा, कागदपत्रं दाखवा, आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवा.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "जा की बाई. किती दिवस दुसऱ्याच्या पाण्यासाठी भांडत बसतीस? तुझ्या खोलीत तरी पाणी असतंय का कधी?" तिचं बरोबर होतं. पण नेमकं त्याच आठवड्यात पाण्याच्या ऑफिसनं नोटीस लावली होती — आमच्या गल्लीचे नळ दुसऱ्या लाइनवर टाकणार. म्हणजे आम्ही शेपटीला, लाइनच्या अगदी शेवटी. शेपटीच्या घरांना पाणी येतं ते हवेसकट. हरकती समक्ष, मूळ सह्यांनिशी, मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

रविवारपर्यंत मी बासष्ट सह्या आणि अकरा अंगठे गोळा केले. तिसऱ्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग पडला, तो पुसायला गेले तर अजूनच पसरला. सोमवारी ऑफिसात गेले तर आवकचे कारकून रजेवर. उद्या या, म्हणे. माझी गाडी सोमवारी संध्याकाळची होती. गटातले बाकी तिघं वाळूजला कंपनीत, जनरल शिफ्टला, सुटायलाच साडेपाच. म्हणून मी फाइल खालाकडं दिली. खालाला उर्दू वाचता येतं, मराठी नाही, पण पोच म्हणजे काय हे तिला माझ्याइतकंच कळतं. उद्या चारच्या सुमारास खिडकीवर दे आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नको, एवढं सांगून मी निघाले.

आता माझा मूर्खपणा. माझ्याकडं दोन निळ्या प्लास्टिकच्या फाइली होत्या, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या. एकीत माझी सर्टिफिकेटं, दुसरीत निवेदन.

मंगळवारी सकाळी अकरा-साडेअकराला धारवाडच्या त्या मॅडमसमोर मी फाइल उघडली आणि त्यातून बासष्ट सह्या आणि अकरा अंगठे बाहेर आले. मॅडमला वाटलं, मी मुद्दाम कामाचा नमुना आणलाय. कौतुकानं चाळायला लागल्या.

बाहेर येऊन खालाला फोन लावला. बंद. तिच्या फोनची बॅटरी गेलेली, लाइट गेली की फोन गेला. वाळूजवाल्या तिघांचे फोन कंपनीच्या गेटवर जमा. सह्यांचे फोटो माझ्या मोबाइलवर होते, पण फोटो त्यांना चालत नाही. मूळ सह्या, समक्ष. सात वर्षं मीच त्या नियमावर बोट ठेवून भांडत आलेली... आता तोच नियम माझ्या गळ्यात.

सर्टिफिकेटं मॅडमनी मोबाइलवर बघितली. साडेतीनला मला परत बोलावलं, दोघा-तिघांशी बोलणं झालं, सव्वाचारला मी ग्रंथालय बघायला गेले. तिथं दाराशी येणाऱ्यांचं रजिस्टर असतं. मी नाव, वेळ, सही केली. चार वाजून पंधरा मिनिटं. हे मी बजावून सांगतेय कारण पुढं तुम्ही विचारणार आहात. मी झोपले नव्हते, मला चक्कर आली नव्हती, कसलं स्वप्न पडलं नव्हतं. खिडकीशी बसून समोरच्या नळाकडं बघत होते. एक मुलगी आली, बाटली भरली, नळ बंद केला, गेली. तो नळ कधीही उघडला तरी वाहत होता. मला रडू यायला लागलं, आणि त्याचा रागही आला. पाच वाजले तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि मनात म्हटलं, संपलं. गल्ली शेपटीला गेली. माझ्यामुळं.

रात्रीच्या गाडीनं निघून बुधवारी सकाळी पोचले. खालाला काय सांगायचं ते तोंडात घोळवतच तिच्या दारात गेले. निवेदनाची फाइल माझ्या पिशवीत तशीच होती, वाटेत दोनदा काढून बघितली होती. खालानं खुंटीवरून दुसरी निळी फाइल काढून दिली आणि म्हणाली, "ले, संभाल. कल से यहींच है."

उघडली. आत माझी सर्टिफिकेटं. त्यांच्यावर आमच्या निवेदनाची प्रत — गोल शिक्का, आवक नंबर, मंगळवारची तारीख. आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात, मी दर वेळी लिहिते तसं — मूळ प्रत दिली, वेळ ४.२०.

मी विचारलं, हे कुणी नेऊन दिलं?

"कुणी म्हंजे? तूच तो आई थी. मैं बुरखा पहन को निकल रही थी, तू सामने खड़ी. बोली, फाइल दो. दी. लेको गई, आधे घंटे में वापस लाको दी."

मी म्हटलं, खाला, मी काल धारवाडला होते. ती म्हणाली, हौ, मुझे भी लगा, गाड़ी छूट गई होगी इसकी.

मी तशीच ऑफिसात गेले. तोंड धुतलं नव्हतं. आवक खिडकीवरचे भाऊसाहेब मंगळवारीच रजेवरून परत आलेले. यांच्याशी माझी सात वर्षांची भांडणं आहेत, त्यामुळं चेहरा चुकायचा प्रश्न नाही. मी विचारलं, काल आमची हरकत कुणी दिली?

"म्हंजे? तुमीच की ताई."

मीच होते कशावरून?

ते हसले. "भांडला नाय तुमी, म्हणून तर ध्यानात राह्यलं. मी म्हणलं आज तब्येत बरी नाय का काय. लई थकल्यावानी दिसत होता. मी खुर्ची दिली तर बसलात बी. एरवी तुमी बसता का?"

रजिस्टर दाखवलं. माझी सही. मी फाइल मागितली, ती काढायला त्यांनी वीस मिनिटं लावली, पण काढली. बासष्ट सह्या, अकरा अंगठे. शाईच्या, झेरॉक्स नाही — मी पानाच्या मागून बोट फिरवून बघितलं, पेनाचा दाब लागतो. मग पिशवीतली माझी फाइल काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. तेही शाईचंच. तिसऱ्या पानावर दोन्हीकडं चहाचा डाग, पुसताना पसरलेला, एकाच बाजूला. भाऊसाहेब म्हणाले, दोन प्रतीत सह्या कशाला घेत बसलात, एवढी मेहनत!

ऑफिसातला कॅमेरा बंद होता. असणारच. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा असं एकदा मनात आलं होतं — सदर दिवशी मी हजर होते काय, याची माहिती मिळावी. पण त्याचं उत्तर मला माहीत आहे. हजर होता, असंच येईल. सहीनिशी.

आता तुमच्या कमेंट मीच लिहून टाकते. कुणीतरी माझ्यासारखी दिसणारी पाठवली असेल. कुणी? गल्लीतल्या बायकांना मी एकेकीला विचारलं, कुणी गेलं नव्हतं, त्या तर खालाच्या भरवशावर होत्या. सह्या परत घेतल्या असतील. सोमवारी संध्याकाळनंतर कधी? आणि अकरा अंगठे? त्यातली एक आजी तर सोमवारीच मुलीकडं जालन्याला गेली होती. खाला खोटं बोलते म्हणाल, तर तिला ओळखत नाही तुम्ही. मी हे सगळं पत्रक तपासते तसं तपासलंय. कुठंतरी मलाच चूक सापडावी असं वाटत होतं. सापडली नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला. गल्लीत सगळ्या खूष होत्या, हरकत वेळेत पडली म्हणून. मला मात्र वेगळाच राग येत होता. मी एक दिवस — एकच — गाव सोडून गेले. तर माझंच कुणीतरी मागं राहून रांगेत उभं राहतं? मग मी धारवाडला गेले तरी काय उपयोग? आणि नाही गेले तर हे असंच चालणार, सात वर्षं, अजून सात वर्षं... मॅडमला नाही म्हणून कळवायचं, असं मी गुरुवारी रात्री जवळजवळ ठरवलं होतं.

शुक्रवारी सकाळी खालाच्या पायरीवर बसले होते. ती दुपट्ट्याला काठ लावत होती. मी तिला नोकरीचं सगळं सांगितलं, आजपर्यंत भेटायला जाते एवढंच म्हटलं होतं. बारापर्यंत उत्तर द्यायचंय, आणि मी नाही म्हणणार आहे. गल्लीचं कोण बघणार?

खाला टाके घालतच म्हणाली, मंगळवारी फाइल परत दिल्यावर ती वर गेलीच नाही. इथंच बसली, तू बसलीस तिथं. चपला काढल्या, पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायली.

"बोली कुछ?" मी विचारलं.

"एकच बात बोली. खाला, मैं थक गई." खालानं दोरा दातानं तोडला. "तू सात बरस में कभी बोली क्या ऐसा? मैं राह देख रही थी तेरे बोलने की."

मी मोबाइलवर वेळ बघितली, साडेअकरा.

"जा तू," ती म्हणाली. "कागज मैं दे को आती जाऊंगी, ठप्पा लेना मुझे भी आता. और वो फिर आई तो मैं उसको यहीं बिठाऊंगी. चाय पिलाऊंगी. काम नक्को बोलूंगी."

पावणेबाराला तिथूनच फोन लावला आणि मॅडमना हो म्हणून सांगितलं. जूनमध्ये जातेय. नळांचा निर्णय अजून लागलेला नाही, हरकतीवर सुनावणी व्हायची आहे, तिला खाला आणि वाळूजवाले जाणार आहेत.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर लिहा, पण मांजर म्हणू नका. मंगळवारी ती कोण होती, मला माहीत नाही, आणि कुणी होती यावरही माझा अजून विश्वास नाही. पण ती खूप थकलेली होती, हे एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलंय. तेवढं मात्र मला मान्य आहे.