नाकाडोंगरीच्या बोडीतली काठी

एसटीने कारध्याला वैनगंगा ओलांडली तेव्हा मी मोठ्या खुशीत होतो. अकरावी-बारावीच्या मुलांचे संशोधन प्रकल्प तपासायला मला कोल्हापूरहून साकोलीला बोलावलं होतं. उतरताना चष्मा सीटवरच राहिला; कंडक्टरने खिडकीतून हातात दिला.

शाळेच्या हॉलमध्ये शिरलो आणि डोकंच सणकलं. जिकडेतिकडे थर्माकोल! एका धरणाच्या पाठीवर तर दुकानाचं लेबल तसंच होतं. कोपऱ्यात नाकाडोंगरीची वंदना, अकरावीतली, पुढ्यात फक्त दोन वह्या घेऊन उभी. गावच्या बोडीचं (शेतांना पाणी देणारं छोटं तळं) पाणी तिने खुणा केलेल्या बांबूच्या काठीने पावसाळा सरल्यापासून रोज मोजलं होतं. पाणी चोरतात म्हणून गाव वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांशी भांडत होतं. हिने दाखवून दिलं की मोटरी बंद असतात त्या दिवशीही पाणी तेवढंच उतरतं. म्हणजे पाणी सोडायची मोरीच गळते. याला म्हणतात संशोधन!

माझ्यासोबतच्या दोघा परीक्षकांनी वही उघडलीसुद्धा नाही. मॉडेल कुठाय म्हणे. निदान ती काठी तरी आणायची.

"काठी कायले काढू सर? ते तिकडं माप देऊन राहिली. आज माय पाहून ठेवणार हाय."

दोघे हसले. अरे, हसता काय? आख्ख्या हॉलमध्ये शास्त्र कळलेली ती एकटी होती! पण नियमात मॉडेल हवं, म्हणून वंदना बाद, आणि ते लेबलवालं धरण राज्यपातळीवर. मी तावातावाने भांडलो. मग जेवायला बोलावलं. गरम भात, लाखोळीच्या डाळीचं वरण.

दुसऱ्या दिवशी तुमसरमार्गे नाकाडोंगरी गाठली. धान कापलेल्या बांध्यांपलीकडे बोडी, बोडीत काठी आणि गुडघाभर पाण्यात वंदना. तिने खूण वाचली, काठाच्या पाळीवर येऊन वहीत लिहिली. आता कशाला लिहितेस, मी विचारलं.

"नंबर नाही आला सर, पण पाणी तं उतरूनच राहिलं."

घरी परतल्यावर त्या दोघांना मी तासभर शिव्या घातल्या. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "निकालावर तुम्ही सही नाही ना केलीत?"

केली होती. जेवण थंड होतंय म्हणाले, आणि मी केली. त्या कागदावर तिसरी सही माझी आहे.