सुरणासारखा कांदा

हमीदभाईंनी कुंडीत बोट घातलं आणि ते सरळ मातीतल्या कांद्यात घुसलं. सडक्या बटाट्याचा वास आला. त्यांनी दुसरी कुंडी उलटी केली, मग तिसरी. दहाच्या दहा गच्च ओल्या.

"शेवंते, पानी किती घालत होतीस?"

"रोज. पानं पिवळी पडाय लागली तवा दोन टाइम."

"भातखाचर हाय का ह्ये?"

हमीदभाई म्हणजे पौड रस्त्यावरच्या नर्सरीचे मालक. मी शेवंता, माले गावची, चौथी शिकलेली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कामाला लागून मला सहाच महिने झाले होते.

ही झाडं श्रावणात कलकत्त्याहून खोक्यातून आली. नाव ग्लॉक्सिनिया. पानांवर लव, फुलं देवघरातल्या घंटेएवढी, जांभळी, काठ पांढरा. मला ती कापडाची वाटली. कुणी बघत नाही असं पाहून मी एका पाकळीला चिमटा काढला. बोट ओलं झालं. आमच्याकडे फूल देवाला नाहीतर वेणीला. नुसतं घरात ठेवून बघायचं झाड मला नवीन होतं. हमीदभाईंनाही ते नवीनच. कासार आंबोलीच्या बंगल्यातल्या बाईंनी त्यातलं एक झाड सांगून ठेवलं, पुढच्या पावसाळ्यात फुललेलं हवं.

दिवाळीनंतर फुलं संपली, पानं लोळली. हमीदभाई महिनाभर एका बंगल्याच्या लॉनवर अडकलेले. मला वाटलं, झाडाला तहान लागली.

"टाक उकिरड्यावर," ते म्हणाले. "आन् तू बी उद्यापासनं येऊ नगंस."

टाकायला नेताना एक कांदा दाबून पाहिला. एका बाजूनं मऊ, दुसरीकडून टणक. चपटा, वर खळगा. हुबेहूब लहान सुरण. सुरण माझ्या परसात होता. दिवाळीला त्याचंही पान लोळतं आणि तेव्हा त्याला कुणी पाणी घालत नाही. कांदा काढायचा, सडकं कापायचं, राख चोळायची आणि पुढच्या लागवडीसाठी कोरडा ठेवायचा.

मी परत गेले. "हमीदभाई, ह्यो सुरणाचा भाऊबंद हाय."

"मंग भाजी करून खा."

"अखितीपर्यंत थांबा. न्हाई फुटला तर माझी मीच जाते."

त्यांनी कांदा हातात घेऊन उलटसुलट केला. "तवर पान्याचा थेंब लावलास तर बघ."

भाऊबंद मुळीच नव्हता, ते पुढं कळलं. पण दोघांची झोपायची तऱ्हा एकच.

सहा कांद्यांचं पार पाणी झालं होतं. उरलेल्या चारांचा सडका भाग मी कापला, चुलीतली राख चोळली आणि डब्यात कोरड्या वाळूत ठेवले. पाणी न घालणं फार जड काम आहे. मी रोज झाकण उघडून बघायची. माघात दोन सुपारीसारखे वाळून गेले.

चैत्र संपताना, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, एकावर ज्वारीच्या दाण्याएवढा लवदार कोंब दिसला. आठ दिवसांनी दुसऱ्यावर. हमीदभाईंनी चष्मा लावून पाहिलं. "व्हय की गं," म्हणाले आणि स्वतःच माती चाळायला बसले.

तेव्हापासून पान लोळलं की मी आधी माती चाचपते, झारी नंतर उचलते.

दहातले दोन कांदे जगले. एक आषाढात बाईंच्या व्हरांड्यात फुलला. दुसरा नर्सरीत राहिला, आणि मीही.