ठमाबाईंचा चकचकीत पंचनामा

तलाठी ऋषिराज भाऊसाहेब शेडच्या दारातच थबकले. पाऊल टाकायला जागा नव्हती. उंबऱ्यापुढं ठिपक्यांची रांगोळी, वर हळदकुंकवाची बोटं. आत भिंतींना ताजा चुना. फरशी अशी पुसलेली, की भाऊसाहेबांना आपल्या चिखलाच्या बुटांची लाज वाटली. मधोमध शेवयांचं निळं यंत्र तेल लावून चमकत होतं आणि त्याच्या बाजूला बचत गटातल्या चौघी बायका डोक्यावर पदर घेऊन रांगेत उभ्या होत्या.

"या भाऊसाहेब," गटाच्या अध्यक्षा ठमाबाई पुढं झाल्या. "च्या आदी का पोहं?"

"मी पंचनाम्याला आलोय, ठमाबाई."

"व्हय की. त्यासाटीच दोन दिस राबतोय आमी."

भाऊसाहेबांनी हातातला कागद वाचला, मग भिंत वाचली, मग परत कागद. "इथंच पाणी शिरलं होतं ना?"

"कंबरंएवढं!"

"मग नुकसान कुठंय?"

ठमाबाईंनी अभिमानानं चारी भिंतींवरून हात फिरवला. "समदं साफ केलं!"

त्यांना कळेना, भाऊसाहेब खूश का होत नाहीत.

त्याचं असं होतं. ठमाबाईंचं माहेर इंदापूर तालुक्यातलं निमगाव केतकी. पणदऱ्याला लग्न होऊन आल्या त्याला पस्तीस वर्षं झाली. सासरी येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, शेवया वळायचा हात आणि झाडूचं वेड. गोठ्यातल्या गाईसुद्धा त्यांच्यापुढं शेण टाकायला बिचकतात, असं त्यांचे मालक सावळाराम सांगतात. दोन वर्षांपूर्वी गटाला सरकारी अनुदान मिळालं आणि ओढ्याकाठच्या शेडमध्ये यंत्र आलं. उसाच्या लावणीला, खुरपणीला जाणाऱ्या पाच बायका सावलीत बसून शेवया करू लागल्या. माल बारामतीच्या दुकानांत जाऊ लागला.

पहिल्याच वर्षी तपासणीला एक मॅडम आल्या. त्यांनी यंत्राखालून बोट फिरवलं, बोटाला पीठ लागलं आणि वहीत शेरा पडला, 'स्वच्छता सुधारावी'. त्या दिवशी ठमाबाई जेवल्या नाहीत.

"पिठाच्या जागंत पीठ न्हाय तर काय गुलाल सापडनार?" सावळाराम समजूत घालत होते.

"तुमी बोलू नगा. माज्या नावाला डाग लागलाय."

जाताना मॅडमनी एक पत्र्याचा फलकही ठोकून घेतला होता. योजनेचं नाव, गटाचं नाव, मंजुरीचा नंबर. यंत्र आणि फलक एकाच फोटोत यायला हवेत म्हणून तो यंत्रामागं, खाली, मांडीएवढ्या उंचीवर बसवला. "हा तीन वर्षं इथून हलवायचा नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. पुढच्या तपासणीत शेरा आला 'उत्तम'. तेव्हापासून ठमाबाईंच्या डोक्यात हिशेब पक्का बसला, सरकारी माणूस येणार म्हणजे घासायचं.

मग या मे महिन्यात ओढा शेडमध्ये आला. एका रात्रीत गहू, रवा, वाळवलेल्या शेवया, सगळ्याची लापशी झाली. यंत्राची मोटर जळली. ती बारामतीला दुरुस्तीला नेली तर मिस्त्री म्हणाला, ही आता संपली, नवी घ्या. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारा झाला. ज्यांचे छोटे धंदे पाण्यात गेले त्यांनाही मदत मिळणार, सोमवारी पंचनामे. मदत मिळाली तर मोटर, नाहीतर जूनपासून पाचही जणी पुन्हा खुरपं हातात घेणार, हे सगळ्यांना न बोलता ठाऊक होतं.

आणि ठमाबाईंनी झाडू उचलला.

"फोटो तरी काढलेत का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"दोन दिस लाईट न्हवती," रांगेतली सगुणा म्हणाली. "मोबाईल समदे मेल्याले."

"आन् असलं घाणेरडं ध्यान कोन फोटोत ठिवतंय?" ठमाबाईंनी जोड दिली.

"भिजलेला माल?"

"वस्तीवरल्या म्हसरांनी खाल्ला. शेजारच्या आबासाहेबांची म्हैस तर आजूनबी आमच्या दारात येऊन हंबरती."

"ठमाबाई," भाऊसाहेब स्टुलावर बसत म्हणाले, "मी काय लिहू? जागेवर पाहणी केली असता शेड लग्नघरासारखी आढळली? वर माझे साहेब बसलेत. जळकी मोटर चालत नाही, ती कशानंही जळते. मला पाण्याची खूण दाखवा, एवढी एक. खुणेशिवाय हा कागद पुढं सरकणार नाही."

भाऊसाहेबांपुढं ठेवलेल्या पोह्यांना कुणी हात लावला नाही. पोह्यांवरची वाफ तेवढी हलत होती. ठमाबाई हळूच खाली बसल्या. चौघींकडं बघायचं धाडस त्यांना होईना.

"मी म्हनलं व्हतं हिला," दारातून सावळाराम बोलले, "चुना जरा दमानं."

"कवा म्हनला?"

"मनात म्हनलं."

"ब्रश तुमच्याच हातात व्हता की वो!"

"तुज्यापुढं ब्रशबी माजं ऐकत न्हाय."

सगुणाला हसू फुटलं. ठमाबाईंना मात्र नाही.

भाऊसाहेबांनी सुस्कारा टाकला. "बरं, निदान मंजुरीचा नंबर तरी लिहून घेतो." ते यंत्रामागं गेले आणि फलकासमोर उकिडवे बसले. अर्धा नंबर लिहून त्यांचं पेन थांबलं. पांढऱ्याफेक भिंतीवर, फलकाच्या खालच्या कडेशी, करंगळीएवढा तपकिरी ओघळ होता.

"सावळारामतात्या, चुना फलकाच्या मागं पण लावलाय?"

"न्हाय जी. कडंकडंनं ब्रश फिरवला. फलक हालवायचा न्हाय, असा हुकूम हाय."

"पक्कड आणा."

ठमाबाई झटक्यात उठल्या आणि फलकाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ह्येला हात लावायचा न्हाय, भाऊसाहेब."

"अहो, तुमच्याच फायद्याचं..."

"मॅडमनी सांगितलंय तीन वरसं. दोनच झाल्यात. उद्या त्या आल्या, तर पुन्हा शेरा कुनाला?"

"मी सांगतोय ना!"

"तुमी महसूलचे. फलक त्यांचा."

"ठमाबाई, पाच बायकांची मोटर आहे!"

"म्हनूनच म्हनती. हितं लिवून द्या. फलक मी काढाय लावला, सही, तारीख."

भाऊसाहेबांनी सावळारामांकडं पाहिलं. सावळारामांनी छताकडं पाहिलं. शेवटी भाऊसाहेबांनी वहीचं पान फाडलं, लिहिलं, सही केली. ठमाबाईंनी ते सगुणाकडून मोठ्यानं वाचून घेतलं, घडी घालून कनवटीला खोचलं आणि मग बाजूला झाल्या.

चार स्क्रू निघाले. पत्रा खाली आला.

मागं पूर होता. तेवढ्याच चौकोनात, जसाच्या तसा. गाळाचा जाड थर, त्यात चिकटलेला रवा वाळून पापुद्रा झालेला, शेवयांची दोन-तीन वेटोळी, उसाचं पाचट. थर थेट वरच्या कडेपर्यंत पोचलेला. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या भिंतीवर ती तेवढी खिडकी उघडल्यासारखी दिसत होती.

"अगं बया! येवढी घान!" ठमाबाई ओरडल्या आणि ओलं फडकं घेऊन धावल्या.

"धरा तिला!" सावळाराम किंचाळले. सगुणानं एक हात धरला, त्यांनी दुसरा. "हात लावशील तर बघ! त्या चिखलात मोटर हाय आपली!"

भाऊसाहेब हसत हसतच फोटो काढत होते. जवळून, लांबून, यंत्रासकट, टेप लावून. मग आबासाहेब आणि आणखी चौघे शेजारी पंच म्हणून आले. आबासाहेबांनी सही करताना मुद्दाम लिहून घेतलं, की भिजलेला रवा त्यांच्या म्हशीनं खाल्ला, हे त्यांनी समक्ष पाहिलं.

पोहे गार झाले होते. सगळ्यांनी तसेच खाल्ले. भाऊसाहेबांनी दोनदा घेतले.

श्रावणाच्या तोंडावर मदत जमा झाली आणि नवी मोटर बसली. पहिला घाणा निघाला तेव्हा शेवयांची धार हातावर झेलत ठमाबाईंनी चौघींकडं एकेकीकडं नीट पाहिलं. फलक पुन्हा त्याच चार भोकांत बसला. त्याच्या मागचं मात्र त्यांनी पुसलं नाही, हे सावळारामांना अजून खरं वाटत नाही. ते मधूनच वाकून फटीतून बघतात.

गेल्या आठवड्यात तपासणीच्या मॅडमचा फोन आला, गुरुवारी येतेय म्हणून. ठमाबाईंनी झाडू हातात घेतला, दोन पावलं टाकली आणि थांबल्या. मग त्यांनी स्वतःच परत फोन लावला.

"मॅडम, तुमी नेमकं कशाला येताय ते आदी सांगा. झाडून ठिवू, का हाय तसंच ऱ्हाऊ दिऊ?"