पायाळूचा अंगठा

आता काय सांगू तुम्हाला, ज्या पायाने अख्ख्या गावाच्या कमरेतली उसण काढली, त्याच पायाने माझी अब्रू घालवली!

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. आमच्या मुरबाडकडे कंबर धरली, की लोक पायाळूकडून पाठीला पाय लावून घेतात. म्हशाच्या जत्रेतसुद्धा मला शोधत यायचे! आणि एक दिवस माझ्याच कमरेतून कळ निघाली, ती थेट उजव्या पायात. चप्पल निसटली तरी पत्ता लागेना. पण गावाला सांगू कशी? मग मला विचारणार कोण?

गुपचूप शहापूर गाठलं. फिजिओथेरपीची डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची.

"काकू, काय उचललंत?"

"भाताचं पोतं," मी ठोकून दिलं.

तिने टाचांवर चालवलं. उजवा चवडा आपला पडतोच आहे! झोपवून पाय सरळ वर धरला, तर हातभरावरच अंगठ्यापर्यंत झिणझिण्या. लघवीचं कळतं ना, बसायची जागा बधिर नाही ना, हेही विचारलं. मी लाजले, पण ते सगळं ठीक होतं. मग अंगठ्यावर एक बोट ठेवून म्हणाली, "वर उचला." भात झोडणारी बाई मी, त्या एका बोटापुढे अंगठा हलेना!

"अंगठ्याला काही झालं नाही, काकू. कमरेत खालच्या मणक्यापाशी नस दबलीय."

धरला अंगठा आणि सांगितलं कमरेतलं! मी थक्क. इतकी वर्षं पाठींना पाय लावतेय, पण आत काय आहे हे मला कधी दिसलं होतं का हो?

"आता एका पायावर उभ्या राहा."

उजवा पाय वर गेला आणि सवयीने तोंडातून निघालं, "पाठ कर नि दम धर रे!"

तिने पेन खाली ठेवलं. "अगंबाई! त्या पायाळू काकू तुम्हीच का? तुमचे निम्मे पेशंट माझ्याकडे येतात!"

व्यायाम लिहून मिळाले. पाय लावणं बंद.

बाहेर आले, तर बाकावर कमरेला हात लावून गावातलेच तिघे! तिघांनाही मी पाय लावलेला.

"काकू, तुमी हितं?"

"मला काय झालंय रे? डॉक्टरणीनंच बोलावलं, कंबर कशी बघायची ते इचारायला!"

आणि ताठ मानेने फाटकापर्यंत गेले. मागून हाक आली, "काकू, थांबा! तुमची चप्पल हितंच राहिली!"

खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी!